भेकड बाईच्या घरचं बियाणं

चार बाया सरकी निवडायला बसल्या की हात खाली चालतात आणि तोंड वर. सरकी पेरून संपते, गोष्टी मात्र घरातच साचत जातात. माझी परी आता शाळेत जाते, तरी तिच्या पाळण्यातल्या दिवसांच्या या गोष्टी अजून निवडून व्हायच्या आहेत.

बोंडअळीनं कापूस खाल्ला, ती वर्षं. आमच्या बचत गटानं ठरवलं, देशी कापसाचं बी आपणच राखायचं. ठेवायचं कोणाकडं? गटाची अध्यक्ष शेवंताबाई म्हणाली, "हिच्याकडं ठेवा. पोरगी शिंकली तरी हिचा जीव जाते. अशी भेकड बाई दुसरी नाही गावात."

झालं. सरकीचं मडकं परीच्या पाळण्याशेजारी शिंक्यात टांगलं.

•

परीला ताप आला. मडकं घरी ठेवून जायचा धीर होईना, उंदीर लागले तर? एका कडेवर परी, दुसऱ्या कडेवर मडकं, अशी घाटंजीच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी परीला तपासलं. मग मडक्याकडं पाहून म्हणाल्या, "आणि याला काय झालं?"

•

तालुक्याहून एक साहेब आले. बियाण्यासाठी देशानं दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहू नये, असं छान बोलले. मग म्हणाले, "तुमची साठवण दाखवा."

आम्ही शिंकं दाखवलं.

"आणि कुलूप?"

शेवंताबाईनं माझ्याकडं बोट केलं. "हे काय उभं आहे."

•

गटातली शबानाभाभी एकदा आली, तेव्हा मी मूठभर सरकी ओल्या पोत्यात गुंडाळत होते, मोड येतात का पाहायला.

"परवाच तर पाहिलं होतं ना तुनं?"

"ते परवाचं झालं, भाभी. आता मेलं असलं तर?"

दिवाळीपासून माझं हेच चाललं होतं. मोड आलेलं फेकवत नव्हतं, म्हणून घरामागच्या सांदवाडीत लावायची. वर परीच्या आंघोळीचं पाणी.

•

त्या दिवाळीनंतरच्या पेरणीच्या तोंडावर दुकानात बियाण्याची पाकिटंच आली नाहीत. "वरूनच माल नाही," दुकानदार म्हणाला. सगळा गट माझ्या घरी जमला. शेवंताबाईनं मडकं उतरवून हात घातला. अर्धं रिकामं.

"बी कुठं गेलं वं?"

"उगवते का, ते पाहत होती," मी रडायलाच लागले.

"मग? उगवलं?"

"सगळंच."

शेवंताबाई मागचं दार उघडून सांदवाडीत गेली. बऱ्याच वेळानं आली ती ओटी भरून कापूस घेऊन. खाली बसली, सरकी काढायला लागली.

"पुढच्या सालीही हिच्याकडंच ठेवजा," ती बायांना म्हणाली. "फक्त मडकं मोठं घेजा."