खालच्या कडेचं कुंकू

माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. नोकरीत त्याचा मला झालेला मोठा फायदा म्हणजे मी गप्प बसले की लोकांना वाटतं, ही विचार करतेय. खरं तर त्या वेळी मी बोलावं की नको एवढंच ठरवत असते, आणि ते ठरेपर्यंत विषय बदललेला असतो.

आमचं ऑफिस कॉलेज रोडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. आम्ही मोबाइलची अ‍ॅप बनवतो. माझं प्रोबेशन संपायला एक आठवडा राहिला होता आणि माझ्या हातात चांदवडच्या एका कांदा व्यापाऱ्याचं अ‍ॅप होतं. शेतकऱ्याने घरून निघतानाच ट्रॅक्टरचा नंबर टाकायचा, म्हणजे गेटवरच्या रांगेत त्याचा क्रमांक लागतो, असं ते साधं काम. सगळ्या फोनवर ते नीट चालायचं. फक्त एका जुन्या, स्वस्त मॉडेलवर उघडल्या उघडल्या बंद पडायचं.

"ताई, इकडं लय लोकांकडं त्योच फोन हे," व्यापारी काका फोनवर म्हणाले. "तुमचं अ‍ॅप डोळा उघडतं अन् लगेच मिटून घेतं."

शुक्रवारी ते स्वतः बघायला येणार होते. कंपनीचे मालक, आमचे सर, म्हणाले, "तोवर हे सोडव, कन्फर्मेशनचं लेटर त्याच दिवशी देतो. नाहीतर..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. ते मला घरी समजलं. बाबांनी बँकेच्या परीक्षेच्या क्लासचा फॉर्म आणून टीव्हीजवळ ठेवला होता. "नुसता माहितीसाठी," ते म्हणाले. त्यावर माझं नाव आधीच लिहिलेलं होतं.

चूक शोधायला डिबगर लागतो. फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा, की अ‍ॅप नेमकं कोणत्या ओळीवर कोसळतंय ते लॅपटॉपवर दिसतं. त्याआधी फोनच्या पडद्यावर एक प्रश्न येतो: या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का? आपण हो म्हणायचं, की झालं. ऑफिसात टेस्टिंगसाठी त्याच मॉडेलचा एक फोन होता, तो जोडून दोन दिवस मी त्या प्रश्नाची वाट बघत बसले. मला बघायला आलेली मंडळीसुद्धा निदान प्रश्न तरी विचारतात. हा फोन शांतपणे चार्ज होत राहिला. माझ्या लॅपटॉपशी आपला काही संबंध आहे, हे त्याला मान्यच नव्हतं.

ऑफिसात कोणाचा फोन जोडला जात नाही म्हटलं की माणसं उठून येतात. घाटात बंद पडलेल्या गाडीभोवती जमतात तशीच. आमचे टीम लीड सगळ्यात आधी आले. त्यांचा रिस्टार्टवर गाढ विश्वास आहे.

"फोन रिस्टार्ट केलास?"

"हो."

"लॅपटॉप?"

"हो."

"दोन्ही एकदम?"

हे मी केलं नव्हतं. केलं. काही झालं नाही. मग त्यांनी स्वतःची केबल आणली. ही केबल ते खणात कुलूप लावून ठेवतात. तिनेही काही झालं नाही, तेव्हा ते माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले, जणू मीच तिला काहीतरी केलंय. डेव्हलपरसाठीचं सेटिंग मी चार वेळा बंद-चालू केलं. लॅपटॉपमधला फोनचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. वायफायवरून जोडायची सोय असते, पण इतक्या जुन्या फोनला त्यासाठीही आधी एकदा केबल लावावीच लागते. शेवटी सर आले, केबल उलटसुलट करून बघितली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि म्हणाले, "केबल तर ठीक आहे. चार्ज होतोय ना!"

इथेच आम्ही सगळे अडकलो होतो. चार्ज होतोय म्हणजे जोडलेलं आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. वास्तविक त्या जुन्या फोनच्या पोर्टमधल्या कडेच्या पट्ट्या वीज नेतात आणि मधल्या दोन माहिती नेतात. वीज येत राहते आणि माहिती अडते, असं होऊ शकतं. हे मी कॉलेजात शिकले होते, त्यावर मार्कही मिळवले होते.

गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेले. मी डबा उघडला आणि तेवढ्यात लॅपटॉपच्या झाकणावरच्या स्वस्तिकाकडे लक्ष गेलं. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. आदल्याच आठवड्यात सरांनी सगळे लॅपटॉप, प्रिंटर आणि टेस्टिंगचे फोन एका सतरंजीवर मांडून झेंडूची फुलं वाहिली होती. त्यांना स्क्रीनची फार काळजी. "काचेला नको लागायला," असं म्हणत त्यांनी ओलं कुंकू अलगद फोनच्या खालच्या कडेला लावलं होतं, वर अक्षता टाकल्या होत्या. मी शेजारीच ताट धरून उभी होते. ते बोट बरोबर पोर्टवर टेकलेलं मी बघितलं होतं. सांगावं का, असा विचारही केला होता. तो पूर्ण होईपर्यंत आरती सुरू झाली.

मी फोन बंद केला, दुसऱ्या फोनच्या टॉर्चने आत पाहिलं. लाल. टूथपिकने हलकेच कोरल्यावर वाळलेल्या कुंकवाची एक गोळी निघाली आणि तिच्यामागून तांदळाचा अर्धा दाणा. फोन चालू करून केबल लावली. प्रश्न आला: या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का? मी हो म्हटलं, तेही मोठ्याने. खोलीत कोणी नव्हतं म्हणून.

चूक तासाभरात सापडली. त्या जुन्या फोनमध्ये नसलेली एक सोय मी आहेच असं धरलं होतं. चारपाच ओळी बदलल्या.

आमच्याकडे प्रत्येक अडचणीनंतर एक शीट भरावी लागते. त्यात 'कारण' आणि 'जबाबदार' असे दोन रकाने आहेत. पहिल्यात मी इंग्रजीत लिहिलं, फॉरेन पार्टिकल्स इन पोर्ट. इंग्रजीत लिहिलं की बोट कोणाचं होतं हे सहसा कोणी विचारत नाही. दुसरा रकाना कोरा सोडला.

शुक्रवारी काका आले. त्या जुन्या फोनवर अ‍ॅप उघडलं आणि उघडंच राहिलं. सर खुशीत शीट वाचून दाखवायला लागले आणि मध्येच थांबले. "फॉरेन पार्टिकल्स म्हणजे नेमकं काय गं? धूळ?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. सरांच्या समोर टेबलावर लेटरचं पाकीट होतं.

"कुंकू, सर."

"कसलं कुंकू?"

"दसऱ्याचं. तुम्ही खालच्या कडेला लावलं होतं. अर्धी अक्षतही होती."

टीम लीड एकाएकी आपल्या केबलची गुंडाळी करू लागले. काका मात्र टेबलावर हात आपटून हसले. "साहेब, आम्ही बी ट्रॅक्टर पुजतो दसऱ्याला. पण डिझेलच्या टाकीत कुंकू नाय घालत!"

सरही हसले, जरा उशिरा. मग मला म्हणाले, "तू तेव्हा बघितलं होतंस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

त्यांनी पेन काढलं, पाकिटातलं लेटर बाहेर घेऊन त्यावर काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. शीटमधल्या 'जबाबदार'च्या कोऱ्या रकान्यात त्यांनी माझं नाव टाकलं होतं, हे मला सोमवारी दिसलं. मी ते खोडलं नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी पंचवटीतल्या घरी बाबांनी लेटर चष्मा लावून दोनदा वाचलं. मी कन्फर्म झाले होते. खाली पेनाने लिहिलं होतं, कम्युनिकेशन सुधारण्याची गरज आहे.

"म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"मी जास्त बोलायला हवं, असं त्यांचं म्हणणं आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

बाबांनी क्लासच्या फॉर्मची घडी घातली आणि खणात ठेवली. फाडला मात्र नाही.