घाम, गोंडा आणि रिव्हॉल्व्हर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — असं म्हटलं की आमच्याकडचे निम्मे लोक हसतील. म्हणतील, रिव्हॉल्व्हरची गोष्ट? ती तर तू प्रत्येक लग्नात सांगतोस. खरं आहे, सांगतो. जेवणाच्या पंगतीत सांगतो, गाडीत सांगतो, एकदा तर मयताहून परत येताना सांगितली आणि माणसं तोंडावर रुमाल धरून हसली. पण ती गोष्ट वेगळी, ही वेगळी. दोन्हींत माणसं तीच, हत्यार तेच, घामही तोच. फक्त — जाऊ दे. येतो तिथं. जरा फिरून येतो, पण येतो.

आमची फौंड्री आहे, कोल्हापूरच्या बाहेर, गडमुडशिंगीकडं जाणाऱ्या रस्त्याला. वडिलांनी काढलेली, मी चालवलेली — म्हणजे माझ्या हातात असूनही चाललेली. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, गार झालं की साचा फोडून काढायचं. मे महिन्यात भट्टीजवळ उभं राहिलं की घाम येत नाही, माणूसच गळतो. माझं वजन तेव्हा शंभराला टेकलेलं. सकाळी घातलेला शर्ट तासाभरात पिळावा तर तांब्याभर पाणी निघेल. अशा माणसानं कमरेला, शर्टाच्या आत, कातडीला लागून एक लोखंडी वस्तू दिवसभर बाळगायचं ठरवलं. का?

तर भीती. आमच्या भंगाराचा ठेका एकाला हवा होता आणि मी तो दिला नव्हता. मग फोन यायला लागले. शिव्या नसायच्या त्यात. 'कुठल्या रस्त्यानं घरला जातोस ते ठावं हाय,' एवढंच, आणि फोन बंद. मी अर्ज केला, चौकशी झाली, पुन्हा अर्ज केला, आणि वर्ष उलटल्यावर परवाना हातात पडला. त्या दिवशी मी पेढे वाटले. भित्र्या माणसानं भ्यायचा परवाना मिळाल्यावर पेढे वाटले, हे आता लिहिताना कळतंय.

बंदुकीच्या दुकानात मी दस्तगीरमामाला घेऊन गेलो. दस्तगीरमामा आमचा भट्टीवाला, वडिलांच्या वेळेपासूनचा. मी चड्डीत असताना काळ्या वाळूत त्यानंच मला खेळवलेलं. पन्नाशी कधीच ओलांडलेली, पण नुसत्या ज्वाळेचा रंग बघून लोखंड तयार झालं की नाही ते सांगायचा. मी मालक झाल्यावरही त्याच्या लेखी मी 'धाकटं मालक'च. मला पिस्तूल हवं होतं, चपटं, शर्टाखाली दिसणार नाही असं. मामानं ते हातात घेतलं, सरकवून बघितलं आणि खाली ठेवलं.

"चपटं नगं. आपल्याकडं वाळू किती उडती? ह्येच्या फटीत शिरली की बसलं. गोल घ्या, चाकाचं."

दुकानदारानं दोन रिव्हॉल्व्हर पुढं ठेवली. एक चकचकीत पांढरं, एक काळंभोर. मामा म्हणाला, "पांढरं घ्या, धाकटं मालक. काळ्याचा रंग घामानं उडतोय, मग गंज धरतंय. आन् कमरेला चामडं बांधू नगा. चामडं घाम पितंय आन् लोखंडाला पाजतंय. कॅनव्हासचं कव्हर शिवून घ्या."

भट्टीसमोर पस्तीस वर्षं घाम गाळलेला माणूस घामाविषयी सांगतोय. मी काय केलं असेल? काळं घेतलं. पांढरं मला वाढप्याच्या डावासारखं दिसलं — कमरेला लावून फिरलो तर कुणीतरी आमटी मागेल असं वाटलं. आणि कव्हर? कोल्हापूरचा माणूस कॅनव्हास बांधेल काय? चपला करणाऱ्याकडं गेलो, अस्सल चामड्याचं शिवायला सांगितलं. तोही म्हणाला, चामडं घामाला बरं न्हवं मालक. मी म्हटलं, तू शीव. वर वेणी घाल. आणि त्याला — हसू नका — लाल गोंडा लावून घेतला. लपवायच्या हत्याराला गोंडा. पहिल्याच दिवशी तो शर्टाखालून बाहेर डोकावत होता आणि ओतकाम करणारी पोरं विचारत होती, "मालक, नाडी सुटलीया काय?"

खंडेनवमीला तर कहरच केला. आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते — फावडी, पाने, हातोडे, सगळी मांडतात. मधोमध मी माझं रिव्हॉल्व्हर ठेवलं. हळद, कुंकू, फुलं, वरून पंचामृताचे चार थेंब. फोटो काढले. दुसऱ्या दिवशी चाक फिरेना. दस्तगीरमामानं ते माझ्यासमोर, गोळ्या काढून, दात घासायच्या ब्रशानं साफ केलं. तासभर बसला होता. प्रत्येक फटीतनं कुंकू काढत होता आणि म्हणत होता, "देवाला सुदीक कोरडं ठेवावं लागतंय." त्या दिवसापासून त्यानं ते काम स्वतःवर घेतलं. रोज संध्याकाळी काम सुटलं की मी गोळ्या काढून देणार, तो तेलाचं फडकं फिरवणार. "तुमच्याच्यानं व्हायचं न्हाय," म्हणायचा. खरंच होतं.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. लग्नात सांगतो ती. मे महिन्यातली दुपार, ओतकाम चालू, तीन गुंड आत शिरतात. मी ढाण्या वाघासारखा रिव्हॉल्व्हर उपसतो, चाप ओढतो — आणि काही नाही. घामानं गंजून चाक अडकलेलं! मी ओढतोय, ते बघतायत, गोंडा हलतोय. इथं लोक पोट धरून हसतात. मी हाताचा अभिनय करून दाखवतो. मला तो चांगला जमतो.

ते अडकलं नव्हतं.

तेल केलेलं होतं. आदल्या संध्याकाळी मामानं पुसलेलं मी स्वतः कव्हरात घातलं होतं. चाक लोण्यासारखं फिरत होतं. ते अडकलंय की नाही हे बघायची वेळच आली नाही — मी ते बाहेरच काढलं नाही.

झालं असं. तिघं आले तेव्हा मी साच्यांच्या लाकडी मांडणीमागं उभा होतो, काहीतरी शोधत. काय शोधत होतो, आठवत नाही. मला ते दिसले, मी त्यांना दिसलो नाही. एकाच्या हातात सळई होती. पोरं पांगली. मामा एकटाच भट्टीजवळून पुढं आला.

"मालक कुठाय?"

"गावाला गेल्यात," मामा म्हणाला. "सांजच्याला या पावणं, च्या घ्या आन् बोला."

मी बारा पावलांवर होतो. नंतर मोजली — बाराच. मामाला ठाऊक होतं मी कुठं आहे. पाच मिनिटांपूर्वी त्यानंच मला तिकडं जाताना पाहिलं होतं. त्यानं तिकडं मान वळवली नाही. चुकूनही नाही. सळईवाल्यानं पहिला घाव घातला तेव्हा मामानं हात वर केला, उजवा. हाड मोडल्याचा आवाज ऐकला मी. वाळलेली फांदी मोडल्यासारखा आवाज नव्हता तो, लोक सांगतात तसा. बारीक होता. भट्टीच्या आवाजात बुडाला.

माझा हात कमरेवर होता. मुठीवर. तळव्याला घाम होता, पण मूठ निसटत नव्हती. बंदूक काढायचीही गरज नव्हती, हे मला तेव्हाच कळत होतं. मी नुसतं मांडणीमागून बाहेर आलो असतो तर त्यांचं मामाकडं काम नव्हतं. त्यांना मी हवा होतो. एवढंच करायचं होतं — दिसायचं. आणि मला काय वाटत होतं? विचाराल तर सांगतो. काहीच वाटत नव्हतं. गोंडा बोटांना लागत होता आणि मी मनात म्हणत होतो, ह्याचा रंग हाताला लागतोय. एवढंच. आणखी तीन-चार घाव पडले असतील. मी गोंडा धरून उभा होतो.

ते गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला. मग मी रिव्हॉल्व्हर काढलं. मग. ते हातात धरून बाहेर आलो आणि ओरडलो, "अडकलं! घामानं अडकलं रे!"

कुणी विचारलं नव्हतं. पहिलं वाक्य ते आलं, मामाचं नाव नाही.

पोरांनी मामाला गाडीत घातलं. मीही गेलो दवाखान्यात, पुढच्या सीटवर बसून. आणि दुसऱ्या दिवशी घरी, भर दुपारी, न्हाणीत कडी लावून मी काय केलं, ते हे — गोळ्या काढल्या, रिव्हॉल्व्हर मिठाच्या पाण्यात बुडवलं, तसंच ओल्या बनियनमध्ये गुंडाळून बादलीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मामाचं तेल इतकं मुरलं होतं की लवकर गंजेना. धुण्याचा सोडा लावून तेल घालवलं आणि मग मीठ लावलं. पाचव्या दिवशी चाक अडकलं. मी ते दोन्ही हातांनी फिरवून बघितलं, खरंच फिरेना, आणि मला — बरं वाटलं म्हणू? बरंही नाही. काम संपल्यासारखं वाटलं. पुढं निवडणूक आली, परवान्याची हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करायची होती, तेव्हा तिथला हवालदार म्हणाला, "पावणं, हे काय विहिरीत सापडलं काय?" सगळं ठाणं हसलं. मीही हसलो. त्याच दिवशी घरी येऊन ती गोष्ट पहिल्यांदा नीट रंगवून सांगितली.

इथवर असतं तरी भित्रेपणा म्हणून खपलं असतं. पण अजून एक आहे.

प्लास्टर काढल्यावर मी मामाच्या घरी गेलो होतो. मनगट वाकडं जुळलेलं, बोटं मिटत नव्हती. भट्टीचं काम संपलं होतं, हे दोघांनाही दिसत होतं. त्याच्या बायकोनं चहा ठेवला आणि ती आत गेली. मामानं डाव्या हातानं कप माझ्याकडं सरकवला. मग म्हणाला, "धाकटं मालक, माझी चूक झाली. आदल्या सांजंला मी घाईत पुसलं. चाकाच्या मागनं फडकं फिरवायचं ऱ्हायलं आसंल. तुम्ही वडायला गेला आन् माझ्यापायी अडकलं. तुम्हाला काय झालं असतं तर थोरल्या मालकांना काय त्वांड दावलं असतं?"

खोली लहान होती. चहावर साय धरत होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि ते माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हणालो —

"असू दे मामा. होतं माणसाकडनं."

मी त्याला माफ केलं.

त्यानं डाव्या हातानं डोळे पुसले. मी चहा प्यायलो, साय बाजूला सारून.

रिव्हॉल्व्हर दुरुस्त होऊन आलं, पांढरा मुलामा देऊन. आता ते अगदी वाढप्याच्या डावासारखं दिसतं. कव्हर कॅनव्हासचं आहे. भंगाराचा ठेका त्या माणसाला दिला, तो आता दिवाळीला मिठाई पाठवतो. मामाला मी फाटकावर बसवलं, खुर्ची दिली, पंखा दिला. लग्नात गोष्ट सांगायची वेळ आली की तोच म्हणतो, "सांगा की, धाकटं मालक," आणि सगळ्यांत मोठ्यानं हसतो. कधी वाटतं, त्याला ठाऊक असेल. पण ठाऊक असतं तर तो असा आला असता काय?

कारण तो येतो. रोज संध्याकाळी काम सुटलं की तेलाचं फडकं घेऊन येतो. मी गोळ्या काढतो. उजव्या हातानं त्याला धरता येत नाही, म्हणून रिव्हॉल्व्हर मी धरतो आणि तो डाव्या हातानं पुसतो. चाकाच्या मागून फडकं दोनदा फिरवतो, मग उजेडाकडं करून दाखवायला लावतो, मग पुन्हा एकदा फिरवतो. सणाला चुकवत नाही, पावसाला चुकवत नाही. ईदच्या दिवशी नवा शर्ट घालून आला होता, बाह्या दुमडून बसला.

काल रविवार. फौंड्री बंद होती. तो घरी आला, सायकल हातानं ढकलत — एका हातानं चालवता येत नाही. मी दार उघडलं, गोळ्या काढल्या, आणि धरून बसलो.