गयाबाई सिस्टर आणि देवीचा प्रसाद

गयाबाई सिस्टर घरात आल्या की पिशवीतून वजनकाटा काढायच्या, फरशीवर ठेवायच्या आणि आधी स्वतःच त्यावर उभ्या राहायच्या. "बाहत्तर," मोठ्यानं सांगायच्या. "माझं सांगितलं. आता तुमी या." चारचौघांत असं आपलं वजन सांगणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. पण मग बाकीच्यांना लाजायला जागाच उरत नसे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कळमनुरीत देवीच्या देवळाचा पुजारी. नवसानं झालेली माझी रेणू नऊ वर्षांची होती आणि वजनानं आईच्या बरोबरीला आली होती. लोक तिचा गाल ओढून "देवीची कृपा" म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू? शाळेतल्या तपासणीनंतर सिस्टर तडक आमच्या घरी आल्या. "महाराज, लेकरू झोपेत दम कोंडून उठतं का?" बायको माझ्याकडे बघायला लागली. रेणू तशी उठत होती.

"माझ्या लेकीला नजर लावू नका," मी तडकलो.

सिस्टर धनगराच्या घरातल्या, ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "आमच्यात मेंढरू जाड झालं की बाजारात भाव येतो. लेकराला कोन्त्या बाजारात न्यायचंय?" मी त्यांना दार दाखवलं.

पुढच्या पंधरवड्यात रेणू दोनदा झोपेतून गुदमरून उठली, ओठ काळेनिळे. माझी सगळी मिजास उतरली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन असंच वाढलं तर हृदयावर ताण येईल. मीच सिस्टरना निरोप धाडला. "खाणं आवरा," त्या म्हणाल्या.

खाणं आवरायची पुजाऱ्याला ठाऊक असलेली रीत एकच, उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार लावून दिले. महिन्यानं काटा दोन किलो वर गेला. "उपासाला काय खाती?" सिस्टरनी विचारलं. बायकोनं भाबडेपणानं यादी वाचली: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू, केळी. सिस्टर कपाळाला हात लावून बसल्या. मला ते झोंबलं. मी खिचडीही बंद केली, नुसतं पाणी. त्याच शनिवारी रेणू शाळेच्या व्हरांड्यात चक्कर येऊन पडली, ओठ फाटला. मी बोलणी खायच्या तयारीनं उभा होतो. सिस्टर जखम पुसता पुसता म्हणाल्या, "चूक माझी हाय. आवरा म्हणलं, कसं ते दाखवलं न्हाई."

मग त्या रोज आमच्या चुलीपाशी येऊन बसू लागल्या. "लेकराला येगळं ताट वाढायचं न्हाई. तिच्या ताटात जे, तेच बापाच्या." भाकरी, वरण, पालेभाजी, तूप चमच्यानं, तेही मोजून. मी रेणूला स्कूटरवर शाळेत सोडायचो. "काहून? पाय काय देवीला वाहिले का तिचे?" सिस्टरनी विचारलं, आणि ती चालत जाऊ लागली. रेणू चिडायची, चोरून साखर खायची. एकदा मी हात उगारला, तर सिस्टरनी माझं मनगट धरलं. "भूक लागली म्हणून मारता? अन् ही भूक लावली कोनी?" मी हात खाली घेतला.

एवढं करून प्रसाद राहिलाच. आरतीनंतर जो तो पुजाऱ्याच्या लेकीच्या हातावर पेढा ठेवी. प्रसादाला नाही म्हणू नये, हे मला वडिलांनी शिकवलेलं. "लेकराचा दम कोंडून देवी खूष व्हती का, इचारा तिला," सिस्टर म्हणाल्या. मी विषय टाळला.

नवरात्रातली अष्टमी. ज्यांच्या मर्जीवर माझी पूजा टिकून होती, ते विश्वस्त अण्णासाहेब आले आणि पेढ्यांचा अख्खा पुडा त्यांनी रेणूच्या मांडीवर ठेवला. "खा बेटा, आमच्यासमोर खा." गाभाऱ्याबाहेर रांग थांबली. रांगेत सिस्टर होत्या, पण चकार शब्द बोलल्या नाहीत. रेणू माझ्याकडे बघत होती. मी उठलो, पुडा उचलला, चिमटीभर पेढा मोडून तिच्या हातावर ठेवला आणि बाकीचा रांगेत वाटायला दिला. "प्रसाद कणभरच घ्यायचा असतो, अण्णासाहेब."

"आता पुजारी आम्हाला शिकवणार," म्हणत ते निघून गेले. महिनाभर मी धास्तावून होतो. पूजा गेली नाही. वर्षभरानं रेणू सकाळपर्यंत शांत झोपू लागली.

पुढे सिस्टरची बदली झाली. बऱ्याच वर्षांनी, वारंगा फाट्यावर चहा घेताना त्या वारल्याचं कळलं. घरी येऊन रेणूला सांगितलं. ती तेव्हा कॉलेजात होती.

"बाबा, अष्टमीच्या आदल्या दिवशी सिस्टर मला म्हणाल्या होत्या, 'बाप ऐनवेळी भ्याला तर त्याच्यावर रागावू नको. तूच नको म्हण.' मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात तुम्ही उठलात."