बांधावर बसवलेली पोर

माझी कादंबरी सुरू झाली ती फोनवर. एक गोष्ट मधेच तुटली म्हणून. लेखिका व्हायचं खूळ माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांच्या वायरी एकत्र बांधून त्यांवर टेप गुंडाळायचं काम करते मी. दिवसभर बोटं चिकट, आणि सुपरवायझरशी वाद घालून तोंड कडू. अशा बाईनं कादंबरी लिहायची म्हणजे कायतरीच! पण लिहिली खरी.

मला एक मुलगी आहे. ती सहा वर्षांची असताना माझा संसार मोडला. का मोडला ते उगाळत बसत नाही. नवऱ्याचा हात सुटायचा एवढं सांगितलं की बायका पुढचं समजून घेतात. सोनईकडच्या त्या घरातून मी निघाले आणि अकोले तालुक्याच्या डोंगरात, माहेरी भावाकडे आले. पोर मात्र त्यांनी ठेवून घेतली. “डोंगरात काय शिकनार हाय ती? हितं शाळा हाय, घर हाय,” असं सासरा चार माणसांसमोर बोलला आणि चौघांनी माना डोलावल्या. माझ्या बाजूनं एकटा भाऊ बोलला, पण त्याचं ऐकतो कोण! कोर्टकचेरीची ताकद माझ्यात नव्हती. अंगावरचे वळसुद्धा अजून गेले नव्हते.

पुढे मी नोकरीसाठी नगरला आले, केडगावला खोली घेतली. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. सुरुवातीला फोन व्हायचा, त्याच्याच मोबाईलवर, त्याची लहर असेल तेव्हा. पोरीला बोलायला काही सुचायचं नाही. “जेवलीस का?” “व्हय.” “शाळेत गेलीस का?” “व्हय.” संपलं. म्हणून मी तिला गोष्ट सांगायला लागले. आमच्या डोंगरातलीच गोष्ट. एका पोरीची आई खाचरात आवणी करतेय, म्हणजे गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावतेय. पाऊस धो धो. पोर बांधावर बसलीय, डोक्यावर बांबूच्या पानांचं इरलं, अंगात पिवळा फ्रॉक, हातात शेळीचं दावं. आई म्हणालीय, हे एवढं खाचर झालं की आलेच, तोवर हलायचं नाही. आणि तेवढ्यात शेळीनं दावं हिसडलं आणि ती बांधापलीकडे उधळली.

“पुढं काय झालं?” पोरगी ओरडलीच फोनमध्ये. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं मला काही विचारलं होतं.

“आता जेव. पुढचं उद्या सांगते.”

तो उद्या काही आला नाही. नंबर बंद झाला. नवा नंबर मला कुणी दिला नाही.

एकदा न राहवून मी सोनईला तिच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. शाळा सुटली, ती बाहेर आली आणि मला बघून तिचं पाऊल थबकलं. सोबतच्या मैत्रिणीनं विचारलं, “कोन गं ह्या?” माझी पोर खाली बघून म्हणाली, “मावशी हायेत.” मी हसले. काय करणार? रस्त्यात रडून तिचा तमाशा करायचा होता का? पण कुणीतरी चुगली केलीच, आणि त्या दिवशी घरी तिला मार बसला, हे भावाच्या कानावर आलं. त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही. माझ्या बघण्यापायी तिच्या पाठीवर वळ उठणार असतील तर नको मला ते बघणं.

पण गोष्ट डोक्यातून जाईना. कंपनीची बस सकाळी केडगावहून सुटायची. बाकीच्या बाया झोपा काढायच्या, गाणी ऐकायच्या, आणि मला खिडकीबाहेर ती बांधावरची पोर दिसायची. सुप्याच्या त्या कोरड्या माळावर कसली खाचरं आणि कसला पाऊस! तरी दिसायची. शेवटी एकदा वैतागून मोबाईल काढला आणि लिहिलं : शेळी पळाली तशी पोर उठली. बस्स, एवढंच. उतरताना इतकं हलकं वाटलं मला, की त्या दिवशी सुपरवायझरशीही नीट बोलले. त्याला शंका आली, बाई आजारी आहे का म्हणून.

मग रोजचंच झालं ते. जाताना लिहायचं, येताना खोडायचं. पोर शेळीमागं डोंगर चढली. ओढे ओलांडले, कातळावर झोपली, करवंदं खाल्ली, आईला हाका मारल्या. तिला सोडून मी कामावर टेप गुंडाळत असायची तेव्हा मला घोर लागायचा, एकटी आहे ती तिकडे. मैत्रिणी म्हणायच्या, “एवढं कुनाला मेसेज लिवती गं? कोन हाय, सांग की!” मी म्हणायची, “हाय एक. लई दूर राहतंय.” त्या फिदीफिदी हसायच्या. हसू देत. मला त्या बसमधल्या सीटवर पोरगी भेटत होती. तेवढ्यावर मी कंपनीतला दिवस काढायची, खोलीतली संध्याकाळ काढायची. खोटं का बोलू, ते लिहिणं नसतं तर मी वेडी झाले असते.

दर दिवाळीला मी भावाला मुराळी करून पाठवायची. लग्न झालेल्या बहिणीला माहेरी न्यायला भाऊ जातो, तो मुराळी. इथं मामा भाचीसाठी मुराळी. गावात त्यावर थट्टा व्हायची. “काय हो, पोरगी अजून शाळंत हाय, आन् मुराळी कसला धाडता?” पण माझा हिशेब सरळ होता. मला दारातून हाकलता येतं. फराळाची पिशवी घेऊन आलेल्या मामाला कोण हाकलणार? त्याला चहा द्यावाच लागतो. भाऊ बिचारा गाड्या बदलत बदलत सोनईला जायचा, चहा प्यायचा आणि परत यायचा. कधी परीक्षा असायची, कधी सुतक, कधी पोर गावालाच गेलेली असायची. फराळ ते ठेवून घ्यायचे. फ्रॉक परत यायचा.

तो फ्रॉक मी नगरच्या कापडबाजारातून पहिल्याच दिवाळीला घेतला होता. पिवळाच, गोष्टीतल्यासारखा, गळ्याला लेस. “तिला हातानं दे, नाहीतर परत आण,” असं मी भावाला बजावलेलं. तो परत यायचा, मी पेटीत ठेवायची आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तोच बांधून द्यायची. कोरा करकरीत होता की! अंगाला लागला नव्हता, लेबलसुद्धा तसंच. एकदा भाऊ पिशवीत डोकावून म्हणाला, “अगं, वाढली आसंल ती आता.” मी खेकसले, “तू गप. मला ठाऊक हाय माझी पोर केवढी हाय ती.” त्यानं पिशवीचं तोंड बांधलं आणि तो वाटेला लागला.

कादंबरी संपत आली होती. सुप्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून मी तिची प्रत काढून घेतली, स्पायरल बाइंडिंग करून. जाडजूड बाड हातात घेतलं तेव्हा ऊर भरून आला. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. पोर परत येते का, आणि आई अजून खाचरातच आहे का, ते काही केल्या मला लिहिता येत नव्हतं.

आणि गेल्या दिवाळीला भाऊ एकटा परतला नाही.

दिवाळीसाठी मी माहेरी आले होते. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी दुपारी जीप गावातल्या वडाखाली थांबली. आधी तो उतरला आणि मागून एक उंच, सावळी मुलगी उतरली. मला वाटलं, जीपमधलीच कुणी दुसरी पॅसेंजर असेल. शप्पथ सांगते, पोटच्या पोरीला मी ओळखलं नाही. तिनंच पुढं होऊन पाया पडायला वाकल्यासारखं केलं, तेव्हा मानेवरचा तीळ दिसला. 

तिला पाठवलं तिच्या सावत्र आईनं. भावानं नंतर सांगितलं, नवरा नाहीच म्हणत होता, पण ही नवी बाई पदर खोचून म्हणाली, “न्या मामा, दोन दिस न्या. हितलं मी बघते.” ती बाई मी कधी पाहिलेली नाही. मनात तिला किती शिव्या दिल्या असतील, त्याची गणती नको.

पोर बुजलेली होती. “तुम्ही”, “हो”, “नको” असं पाहुण्यासारखं बोलायची. मला हाकच मारायची नाही. काही हवं असलं तर जवळ येऊन उभी राहायची. भावाच्या पिशवीत फ्रॉक तसाच होता, तो मी काढला. तिनं तो छातीशी धरून पाहिला. बेंबीपर्यंत आला. भावजयीनं तोंडाला पदर लावला आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण पोर हसली नाही. “छान हाय,” म्हणाली आणि घडी घालून उशाशी ठेवला.

मग मी बाड तिच्या पुढ्यात ठेवलं. “तू इचारलं हुतंस ना, पुढं काय झालं? हे घे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे भाताच्या कापणीला. ती बांधावर बसून वाचत होती. मी विळा चालवायची आणि चोरून तिच्याकडे बघायची. एकदा ती खुदकन हसली तेव्हा विळा बोटाला लागता लागता राहिला. ऊन कलंडायला आलं तेव्हा तिनं बाड मिटलं आणि खाचरात माझ्यापाशी आली.

“एक इचारू?”

“इचार की.”

“ही पोरगी वाढत कशी न्हाई गं? तीन आवन्या झाल्या हिच्यात. भात तीनदा कापून झाला. शेळीला करडं झाली, करडांना करडं झाली. आन् हिचा फ्रॉक तोच. अजून बसतोच कसा तिला? तू बघितलं न्हाईस का लिवताना?”

मी हातातली मूठ तशीच धरून उभी राहिले. इतक्या वेळा वाचलं होतं मी ते. एकेक शब्द खोडून पुन्हा लिहिला होता. शेळी म्हातारी केली, आईचे केस पिकवले, आणि त्या पोरीला एक बोटभरसुद्धा वाढू दिलं नव्हतं. मला वाढलेली पोर ठाऊकच नव्हती तर लिहू कुठून? रडू आलं, आणि या वेळी मी ते आवरलं नाही. भाताच्या पेंढीत तोंड खुपसून मनसोक्त रडले. पोर घाबरली. “गोष्ट चांगली हाय गं, लई चांगली हाय,” म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिली.

डोळे पुसून मी तिला म्हटलं, “मला येत न्हाई ते. तू सांग. सातव्या वर्षी काय झालं?”

मग ती सांगत गेली, पेंढ्या बांधता बांधता. सातव्या वर्षी दात पडला तो गिळलाच. आठव्या वर्षी सायकलवरून कालव्यात पडली. शाळेच्या फाटकाशी मला मावशी म्हटल्यावर ती आठवडाभर त्या मैत्रिणीशी बोलली नाही, का ते तिलाही कळलं नाही. नवव्या वर्षी तापानं फणफणली होती, “तवा आईनं रातभर मांडीवर घेतलं,” असं ती सहज बोलून गेली. मला क्षणभर वाटलं, मी कधी घेतलं? मग कळलं, आई म्हणजे ती. ज्या बाईला मी शिव्या देत होते, तिच्या मांडीवर माझी पोर बरी झाली होती. मी हातातल्या पेंढीची गाठ आवळली आणि म्हटलं, “पुढं काय झालं?”

ती सांगत होती. दहावं वर्ष झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर गाडीची वाट बघत उभे होतो, तिथं अकरावं सुरू झालं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचायला तिचं नाव आलं होतं, घागरा कुणाचा तरी मागून आणला होता, आणि ऐन वेळी स्टेजवर काहीतरी झालं होतं. “आन् मी पुढं गेले, तर काय झालं...” आणि एस.टी. आली. तिला पोचवायला निघालेल्या भावानं पिशवी वर टाकली, कंडक्टरनं घाई केली, मागच्या लोकांनी तिला आत लोटलं. खिडकी उघडायची धडपड करत तिनं तोंड काढलं. गाडीच्या आवाजात शब्द काही ऐकू आला नाही, फक्त तिचे ओठ हलताना दिसले.

त्यानंतर तिचा फोन आलेला नाही.

मी बसमध्ये पुन्हा लिहायला बसले. पहिल्या पानापासून सगळं नव्यानं. पोर वाढतेय आता. दात पडला, कालव्यात पडली, तापली आणि परक्या बाईच्या मांडीवर निजली. ते पान लिहायला मला फार जड गेलं, पण लिहिलं. पिवळा फ्रॉक आखूड झाला म्हणून तिनं तो शेळीच्या करडाला पांघरला.

अकराव्या वर्षापर्यंत आलेय. तिथं पोर घागरा नेसून स्टेजवर उभी आहे आणि एक पाऊल पुढं टाकतेय. त्यापुढचं मनानं लिहायला गेले तर दहा तऱ्हांनी लिहिता येईल मला, तेवढा हात बसलाय. पण लिहीत नाही. बस रोज सुप्याला पोचते, आणि मी मोबाईल तसाच हातात धरून खाली उतरते.