विमानाला टिळा

आमच्या घरी कुठलंही वाहन आलं, की पूजा झाल्याशिवाय जागचं हलत नाही. रोहिणीचं विमान मात्र पूजा झाल्यामुळेच जागी बसलं.

रोहिणी म्हणजे आमची इंजिनिअर होऊ घातलेली लेक. बिनपायलटचं विमान आणि त्याला तपासणारे तिचे सर, दोघांना घेऊन ती शिरड शहापूरच्या आमच्या शेतात आली. विमान दुपारपर्यंत हवेत राहिलं, तरच प्रकल्प पास!

"पेट्रोल कुठून टाकायचं गं?"

"पेट्रोल न्हाई, बाबा. टाकीत हायड्रोजन हाय. हवेतला ऑक्सिजन आत ओढला, की दोन्हीतून वीज होती."

"आन् धूर?"

"धूर न्हाई. फक्त पाणी!"

मी थक्क! (आमचा ट्रॅक्टर सुरू झाला, की धुरात बैल दिसेनासे होतात.) असल्या चमत्काराला कोरडंच उडवायचं? ती सरांना घेऊन वारा बघायला बांधावर गेली आणि मी ताट आणलं. विमानाच्या पुढ्यात एक सुबक जाळी होती. कपाळच ते! ओल्या हळदीचा जाडजूड टिळा लावला, कुंकू दाबलं, झेंडूची माळ घातली, उदबत्ती पेटवली...

"बाबाऽऽ! इझवा ती! भडका उडंल!"

मी उदबत्ती सरळ तांब्यात बुडवली. रोहिणी धावत आली, माळ ओढून काढली, मला फैलावर घेतलं. मी मान खाली घालून जाळीसमोरच उभा, त्यामुळे टिळा कुणाला दिसलाच नाही.

विमान उडालं. गोठ्याच्या पत्र्यावर गेलं, डगमगलं आणि हळदीच्या वाफ्यात जाऊन बसलं.

"बाबा, हे काय? हवा आत जायची जाळी हाय ही! तुमी त्याचा श्वास कोंडून राहिले!"

तिचे डोळे भरून आले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी जाळी काढली, धुतली, मागची गाळणी बदलली. "हळद आत गेली नाही, नशीब. पुन्हा उडवू."

आणि उडालं की हो! ना फटफट, ना धूर. शेतावर संथ घिरट्या घालत राहिलं, शेपटाकडून थेंब पडत होते. एक माझ्या तळहातावर पडला. आमची ही हात जोडून म्हणाली, "अगं बाई! हे तर निव्वळ पाणीच!" दुपार टळली तरी ते वरच होतं आणि आम्ही माना वर करून खाली उभे होतो.

सर म्हणाले, "पास! पण खडतर ठिकाणी चाचणी राहिलीच."

रोहिणीनं माझ्याकडं बघितलं. "सर, बाबाच्या हातून वाचलं ते. आता याहून खडतर काय राहिलं?"