दहाचा कंडेन्सर

आत्याला कमी ऐकू येतं, हे ती सोडून सगळ्यांना माहीत आहे. पंचवीस वर्षं विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या शेडमध्ये काढल्यावर दुसरं काय होणार. पण विषय काढला की तिचं ठरलेलं, "तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता." हे मी तिच्यासमोर हुबेहूब तिच्या आवाजात म्हणून दाखवलं, तेव्हा तीही हसली. निम्मंच ऐकून.

काम तिला शिकवलं आजोबांनी. आता ते खाटेवरच असतात आणि नाकातल्या नळीतून एक यंत्र त्यांना ऑक्सिजन देतं. त्या दुपारी यंत्र बंद पडलं. नुसतं घूंऽऽ करायचं, मोटार फिरायची नाही. आत्याने अडीअडचणीचा छोटा सिलिंडर लावला, काटा बघितला आणि म्हणाली, "अर्धा तास." अँब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, "दीड तास धरा. पूल बंद आहे मॅडम, उडून येऊ का?" सुट्या भागांच्या दुकानाला नेमकी साप्ताहिक सुट्टी.

आत्याने यंत्र उघडलं. आतला कंडेन्सर टम्म फुगला होता. "हा पोटात वीज भरतो आणि लगेच ओततो, सेकंदाला शंभरदा. त्यानेच मोटार फिरायला लागते. हा गेला की ती जागच्या जागी रडते." क्षमतेने दहाचा हवा होता. पंख्यातला असतो अडीचचा. "शेजारी शेजारी जोडले की बेरीज होते. चार पंखे आणा."

समोरच्या पण-पण काकू म्हणाल्या, "न्या, पण परत द्याल ना, पण बाळ झोपलंय, पण न्या." शिंपीकाका पंखा काढायला आपल्याच टेबलावर चढले. वरच्या हेडमास्तरांनी विचारलं, "शास्त्रीयदृष्ट्या हे योग्य आहे का?" आत्या म्हणाली, "दृष्टी नंतर. आधी स्टूल धरा." त्यांनी दोन पंखे दिले.

जुन्या कंडेन्सरांत किती दम उरलाय ते तपासायचं मीटर मेलेलं. मग आजोबांची जुनी रीत. कंडेन्सरच्या दोन तारा क्षणभर विजेला लावायच्या, काढायच्या आणि एकमेकींना टेकवायच्या. साठलेलं सगळं एका ठिणगीत बाहेर. धडधाकट असला तर टच्च, म्हातारा असला तर फिस्स. म्हणजे सगळा मामला कानाचा.

पहिले दोन तिने झटपट उरकले. तिसऱ्याच्या वेळी तिचा डोळा सिलिंडरच्या काट्यावर होता. तारा टेकल्याच नाहीत. तिला वाटलं, वाजला. तिने तारांची उघडी टोकं चिमटीत धरली आणि हात असा झटकला की कंडेन्सर भिंतीवर जाऊन आपटला.

पंचवीस वर्षांत भरलेला कंडेन्सर तिने कधी हातात धरला नव्हता.

"बाबा, वाजला नव्हता का?"

आजोबांनी बोट हलवलं. नाही.

आत्या बोटं चोळत खाटेच्या कडेला टेकली. "मला ऐकू येत नाही, बाबा. तुमचं धापा टाकणंसुद्धा नीट ऐकू येत नाही. रात्री हात छातीवर ठेवून बघते."

"माहीत आहे," आजोबा म्हणाले. दोन शब्दांना त्यांना चार श्वास लागले. "इथे... आण."

मग ती खाटेजवळ ठिणगी पाडायची आणि त्यांचं बोट बघायची. टच्च, बोट वर. भिंतीवर आपटलेलाही चांगला निघाला. चौथा फिस्स. हेडमास्तर ओशाळले, जणू तेच फिस्स वाजले होते.

काटा लाल पट्टीत शिरला.

आजोबांनी बोट सरळ छताकडे केलं. त्यांच्या डोक्यावरचा पंखा. त्या उकाड्यात तो काढायचं आत्याच्या मनातही आलं नव्हतं.

"मग तुम्हाला वारा?"

"एवढी माणसं... कशाला... जमवलीस?"

पंखा थांबला. हेडमास्तर वर्तमानपत्राने आणि शिंपीकाका कुणाच्या तरी अर्धवट शिवलेल्या सदऱ्याने वारा घालू लागले. आजोबांचे ओठ जांभळे दिसत होते. शेवटचा टच्च वाजला, बोट जेमतेम उचललं गेलं. आत्याने चारही कंडेन्सर शेजारी शेजारी जोडले, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि बटण दाबलं.

घूंऽऽ.

आणि मग धडधड सुरू झाली. आम्हाला ऐकू आली, तिला नाही. ती आमच्या तोंडांकडे बघत राहिली, पण विश्वास बसेना. तिने तळहात यंत्राच्या कुशीवर ठेवला. मग दुसरा आजोबांच्या वरखाली होणाऱ्या छातीवर. अँब्युलन्स येईपर्यंत तिने दोन्ही हात काढले नाहीत.