विमानाचं पातं आणि दोन ओळी

संग्रहालयाच्या माणसाने मला फसवलं. भवानी पेठेत चादरींचं दुकान मी स्वतःच्या जोरावर उभं केलं, घासाघिशीत भल्याभल्यांना दमवलं, आणि एका गोडबोल्याने मला फसवलं.

त्याला हवं होतं दुकानाच्या भिंतीवरचं मोडकं लाकडी पातं. लष्कराच्या जुन्या, दुहेरी पंखांच्या शिकाऊ विमानाच्या नाकावरच्या पंख्याचं. माझे आजोबा विणकर. धुतलेले पांढरे तागे ते शहराबाहेरच्या माळावर वाळत घालायचे. वाऱ्याने उडू नये म्हणून लांब ताग्याच्या टोकावर दुसरा आडवा टाकायचा, वर दगड. आमच्या वस्तीतल्या सगळ्या घरांची तीच रीत. एका सकाळी वरून जाणाऱ्या शिकाऊ वैमानिकाला ती उतरण्याची खूण वाटली. त्यांच्या विमानांच्या मैदानावर तशीच, इंग्रजी 'टी' अक्षरासारखी पांढरी खूण अंथरलेली असे. तो उतरला. चाकं दगडांवर आपटली आणि विमान नाकावर उभं राहून उलटलं. पेट्रोल गळत होतं. आजोबांनी पट्टे कापून त्याला बाहेर ओढलं, नवा तागा फाडून त्याचं डोकं बांधलं. लष्कराची गाडी मोडके अवशेष न्यायला आली तेव्हा त्या वैमानिकानेच हे तुटकं पातं आजोबांच्या हातात ठेवलं.

संग्रहालयाच्या माणसाने सगळं वहीत उतरवून घेतलं. "काय घेणार, मावशी?"

"पैसा नको. खाली दोन ओळी लिहायच्या. त्याला कुणी ओढून काढलं आणि पातं कुणी दिलं."

"एवढंच की! लिहिलंच समजा."

"मी समजत नसते. लिहून दाखवा."

तो हसला. मीही हसले, तिथेच चुकले. चादरसुद्धा मी दोन्ही बाजूंनी उलगडून दाखवल्याशिवाय देत नाही. पातं मात्र शब्दावर दिलं.

गेल्या महिन्यात बघायला गेले. काचेमागे पातं, खाली पाटी: 'वस्तीतील लोकांनी अपघातस्थळावरून पळवलेला भाग.' शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "बघा, पडलेलं विमानसुद्धा सोडलं नाही!"

मी आवाज चढवला. आतून संग्रहालयाचे मोठे साहेब आले. "तुमच्याकडे कागद आहे का?"

नाही. जीव वाचवला की पावती मागायची असते, हे आजोबांना ठाऊक नव्हतं. पण चोरी झाल्याचा कागद तुमच्याकडे आहे? तागे आमचे, दगडही आमचे. मी लपवत नाही. तागा आडवा टाकला ही चूक म्हणा हवं तर. चोर म्हणायचं नाही. ती ओळ कुणी लिहिली? त्याने माझ्या दुकानात यावं, त्या रिकाम्या खिळ्याखाली उभं राहावं आणि माझ्या तोंडावर सांगावं.